आर्चीला हसायचं की आर्चीबरोबर?

आज सुट्टी. घरकाम बाजूला टाकून १९७४ सालचा एक शोधनिबंध वाचत बसले. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांचा, 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकन सिटकॉमवर, म्हणजे विनोदी मालिकेवर. १९७१ ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर कृष्णवर्णीय, ज्यू, बायका, सगळ्यांबद्दल वाट्टेल ते बोलतो आणि जावई माइक त्याच्याशी हुज्जत घालतो. निर्माते नॉर्मन लिअर यांना पूर्वग्रहाचं हसं करायचं होतं.

प्रेक्षकांना विचारल्यावर निघालं भलतंच! ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह होते, त्यांना आर्चीचंच पटत होतं. वादात शेवटी तोच जिंकतो असंही त्यांना वाटायचं. म्हणजे एकाच विनोदावर दोन घरं हसतायत, आणि कारणं अगदी उलटी.

संध्याकाळी मुद्दाम कृष्णवर्णीय गायक-कलाकार सॅमी डेव्हिस ज्युनियर पाहुणा म्हणून येतो तो १९७२ चा भाग पाहिला. फोटो काढताना तो आर्चीच्या गालाची पापी घेतो, आणि स्टुडिओतला हशा थांबतच नाही. (आर्चीची खुर्ची आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे!)

माझ्या मते निम्मा दोष आर्ची साकारणाऱ्या कॅरोल ओ'कॉनरचा. आर्ची इतका लोभस उभा केलाय की चिडायचं ठरवूनही चिडता येत नाही.