थोरल्या रे मिस्टेरिओंची बातमी

मिगेल आंखेल लोपेस दियास यांचं निधन झालं तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. मेक्सिकोतल्या ‘ट्रिपल ए’ या कुस्ती कंपनीनं २० डिसेंबर २०२४ रोजी शोकसंदेश जाहीर केला. त्यात आधी हे खरं नाव होतं आणि मग रिंगमधलं, रे मिस्टेरिओ सिनियर. आमच्या मराठी बातम्यांच्या डेस्कवर तेव्हा रात्रपाळी चालू होती आणि ‘रे मिस्टेरिओ’ हे शब्द दिसताच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला: डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा, ‘सिक्स-वन-नाइन’ हा डाव मारणारा, ज्याचे रबरी आणि कापडी मुखवटे आपल्याकडच्या जत्रांमध्ये टांगलेले असतात. तो माणूस जिवंत होता.

परदेशातल्या निधनाची बातमी रात्री कशी चढते, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी, म्हणजे वायर, येते, उपसंपादक मराठी कॉपी करतो, फोटो जोडला जातो आणि कॉपी पुरती तपासून व्हायच्या आधीच वाचकांच्या मोबाइलवर पुश, म्हणजे शीर्षकाची सूचना, पाठवायची घाई सुरू होते. वेबवरची बातमी दुरुस्त करता येते. गेलेला पुश परत घेता येत नाही, आणि लॉक असलेल्या फोनवर त्याचं शीर्षक पूर्ण दिसतही नाही, शेवटचे शब्द कापले जातात. ‘महान कुस्तीपटू रे मिस्टेरिओ सिनियर यांचं निधन’ असं पाठवलं, तर कित्येक फोनवर ‘महान कुस्तीपटू रे मिस्टेरिओ’ एवढंच दिसतं. नेमका ‘सिनियर’ गळतो.

त्या रात्री तर तो शब्द त्याआधीच गळला होता. इंग्रजीत सिनियरचं संक्षिप्त रूप लिहिताना पुढे टिंब देतात. यंत्रानं केलेलं भाषांतर त्या टिंबाला वाक्याचा शेवट समजतं. मग संक्षेप एकतर उडतो किंवा पुढच्या वाक्याला निरर्थक अक्षर होऊन चिकटतो. माझ्यासमोर आलेल्या कच्च्या मसुद्यात तो उडालेला होता. भाषांतराचं यंत्र आणताना आमच्या व्यवस्थापनानं वेग मोजला. माणसांच्या नावांचं त्यात काय होतं, हे कोणी तपासलेलं नाही आणि रात्रपाळीला त्याचा रोज त्रास होतो.

मी मसुदा थांबवला आणि आधी खरी नावं ताडून पाहिली. मुखवटाधारी पैलवानाच्या बाबतीत खात्रीची वाट हीच. डब्ल्यूडब्ल्यूईचा रे मिस्टेरिओ म्हणजे ऑस्कर गुटिएरेस, जन्म ११ डिसेंबर १९७४, गाव कॅलिफोर्नियातलं चुला व्हिस्टा. संदेशातलं नाव लोपेस दियास, जन्म ८ जानेवारी १९५८. नाव वेगळं, वय वेगळं. इंग्रजी वायरमध्ये दोघांचं नातं नुसतं ‘अंकल’ म्हणून दिलं होतं. आडनावं वेगळी असताना त्यावरून काका की मामा हे ठरवणं आमचं काम नव्हतं, म्हणून कॉपीत मी ‘घरातले वडीलधारे’ असं लिहिलं. इथे लोपेस दियास यांना थोरले आणि गुटिएरेस यांना धाकटे म्हणते.

गोंधळ वाढायला आणखी दोन कारणं होती. नोव्हेंबरमध्येच धाकट्यांचे वडील वारले होते, त्यामुळे ‘मिस्टेरिओ, निधन’ असं शोधलं की ताज्या तारखांची भलतीच पानं वर येत होती. दुसरं कारण जुनं. मार्च २०१५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या टिहुआना शहरात एका लढतीत पेर्रो आग्वायो ज्युनियर हा पैलवान मानेला मार लागून गेला. धाकटे मिस्टेरिओ त्या लढतीत त्याच्या विरुद्ध बाजूला होते. टिहुआना, मिस्टेरिओ आणि मृत्यू हे तीन शब्द त्या घटनेपासून इंटरनेटवर एकमेकांना चिकटलेले आहेत. घाईत शोधणारा उपसंपादक त्यात हमखास अडकतो.

आता फोटो. एजन्सीच्या संग्रहात हे नाव टाकलं की पानामागून पानं धाकट्यांचेच फोटो येतात. आमच्या फोटो डेस्कवरच्या सहकाऱ्यानं त्यातलाच एक जोडला होता आणि ‘मुखवटा तोच आहे की’ असं त्याचं म्हणणं होतं. मुखवट्यावरून ओळख पटत नाही हे त्याला पटवायला वेळ लागला. एकाच घराण्यातले मुखवटे एकमेकांसारखेच असतात, मुद्दाम तसे शिवलेले असतात. अशा वेळी मुखवटा सोडून कातडी पाहायची. धाकट्यांच्या पोटावर मोठ्या अक्षरांत ‘मेक्सिकन’ असं गोंदलेलं आहे आणि दंडही गोंदणानं भरलेले आहेत. पोट उघडं दिसत असेल तर प्रश्न एका क्षणात सुटतो. मग अंगयष्टी पाहायची. धाकटे जेमतेम साडेपाच फुटी. फोटोओळीतलं स्पेलिंग अर्धंच उपयोगी पडतं. डब्ल्यूडब्ल्यूईनं २००२ नंतर ते ‘वाय’नं लिहिलं, थोरल्यांचं कायम ‘आय’नं राहिलं. पण त्याआधी डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत असतानाचं धाकट्यांचं नावही ‘आय’नं लिहिलेलं आढळतं, आणि देवनागरीत तर तो फरक उरतच नाही.

मग तो म्हणाला, ‘निधनाच्या बातमीला चेहरा लागतो,’ आणि त्यानं मुखवटा नसलेला एक फोटो काढला. तोही धाकट्यांचा. हे फोटो कुठून आले ते सांगायला हवं. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी ओकलंडला झालेल्या जोडीच्या लढतीत धाकटे आणि कोनान हे केविन नॅश आणि स्कॉट हॉल यांच्याकडून हरले आणि धाकट्यांना मुखवटा काढावा लागला. मेक्सिकोत मुखवटा पणाला लावलेली लढत म्हणजे कारकिर्दीतली सर्वांत मोठी लढत. वैर बरेच महिने वाढवत नेतात, हरलेला रिंगमध्येच मुखवट्याच्या मागच्या नाड्या सोडतो, आपलं खरं नाव आणि गाव सांगतो आणि मुखवटा जिंकणाऱ्याच्या हाती देतो. १९५२ मध्ये एल सान्तो या मुखवटाधारी पैलवानानं ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला, त्याची चर्चा मेक्सिकोत आजही होते. अमेरिकेतल्या कंपनीनं धाकट्यांचा मुखवटा एका मोठ्या कार्यक्रमातली आणखी एक लढत म्हणून काढून घेतला. धाकट्यांनी नंतर त्याबद्दल जाहीर नाराजी सांगितली आहे. मला तो निर्णय अडाणीपणाचा वाटतो, आणि ते फोटो केवळ सापडतात म्हणून वापरणं त्याहून वाईट. मुखवटाधारी पैलवानाचा मुखवटा हाच त्याचा लोकांसमोरचा चेहरा असतो. जानेवारी १९८४ मध्ये एल सान्तोनं टीव्हीवर मुखवटा थोडासा वर करून चेहऱ्याचा काही भाग दाखवला. ५ फेब्रुवारीला तो गेला आणि चंदेरी मुखवट्यासहच त्याला पुरलं. आम्ही शेवटी फोटोविना बातमी चढवली. थोरल्यांचा मुखवट्यातला, खात्रीचा फोटो मिळाल्यावर मग तो जोडला.

नावांचा हिशेबही डेस्कवर समजावून सांगावा लागला. मेक्सिकन कुस्तीत ज्युनियर म्हणजे मुलगाच असेल असं नाही. धाकट्या मिस्टेरिओंनी ‘ज्युनियर’ लावलं, पण ते थोरल्यांचे पुत्र नव्हेत. पुत्राचं रिंगमधलं नाव ‘एल इहो दे रे मिस्टेरिओ’, म्हणजे रे मिस्टेरिओचा मुलगा. सान्तोचा मुलगा ‘एल इहो देल सान्तो’ म्हणूनच लढला. ब्लू डेमन ज्युनियर हा ब्लू डेमनचा दत्तक पुत्र. नाव आणि मुखवटा ही घराण्याची मिळकत असते, ती धारण करणारा मालकाच्या संमतीनं ती वापरतो आणि ती संमती कमवावी लागते. धाकट्यांनी १९८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पहिली लढत केली. त्यांना मिस्टेरिओ हे नाव लगेच मिळालं नाही. ते आधी ‘हिरवी पाल’ आणि मग ‘कोलिब्री’, म्हणजे हमिंगबर्ड, अशा नावांनी लढले.

थोरल्यांच्या कामाचा खरा मोठेपणा इथे आहे आणि माझ्या कॉपीत मला तोच वर हवा होता. ते १९७६ मध्ये रिंगमध्ये उतरले. अमेरिकेत त्यांची नोंद घेण्यासारखी हजेरी म्हणजे १६ डिसेंबर १९९० चा सेंट लुईसमधला ‘स्टारकेड’ हा कुस्तीचा कार्यक्रम. तिथल्या आंतरराष्ट्रीय जोडी स्पर्धेत ते आणि कोनान मेक्सिकोतर्फे उतरले, ख्रिस अॅडम्स आणि नॉर्मन स्माइली यांना हरवलं आणि उपांत्य फेरीत स्टायनर बंधूंकडून हरले. पण त्यांचं नाव टिकलं ते टिहुआनातले वस्ताद म्हणून. कोनान, सिकोसिस, हॅलोवीन, दामियान ६६६ आणि धाकटे मिस्टेरिओ यांना त्यांनी घडवलं. सीमेवरच्या एका शहरातल्या या पोरांनी नव्वदच्या दशकात अमेरिकन कुस्तीचा वेग बदलला. १६ जून १९९६ ला धाकटे बाल्टिमोरमध्ये डीन मलेंकोविरुद्ध उतरले. ७ जुलैला डेटोना बीचवर त्यांची आणि सिकोसिसची लढत झाली. अमेरिकन टीव्हीवरच्या प्रेक्षकाला असं काही पाहायची सवयच नव्हती.

थोरले काय शिकवत असतील, हे लूचा लिब्रेच्या, म्हणजे मेक्सिकन कुस्तीच्या, तालमीचा क्रम माहीत असला की कळतं. आधी कोलांट्या: पुढची, मागची, खांद्यावरून तिरकी. मग पडणं. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, तळवे सपाट आपटायचे म्हणजे मार पसरतो आणि डोकं वर राहतं. मग पकडी. मेक्सिकोत पकड प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या अंगावर घेतात, अमेरिकेत डाव्या. ज्याला दोन्हीकडे काम करायचंय त्याला सगळं उलट बाजूनं पुन्हा शिकावं लागतं. टिहुआनाच्या पोरांना सीमा ओलांडायची होती, त्यामुळे हे शिक्षण त्यांच्या फार कामाचं.

सगळ्यात शेवटी उड्या. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात, पण उडी यशस्वी करतो तो झेलणारा. दोरांमधून बाहेर झेपावणाऱ्या ‘तोपे’त झेलणाऱ्यानं जागा सोडायची नसते. छाती उघडी, हात पुढे, अंगावर आलेल्याला खांद्यापाशी धरून दोघांनी मिळून मागे पडायचं. तो अर्धं पाऊल जरी मागे सरला तरी उडणाऱ्याचं डोकं थेट फरशीवर. ‘हुराकानराना’त खांद्यावर बसलेला मागे झुकतो, पण फेक होते ती खालच्यानं स्वतः वेळेवर पुढे कोलांटी घेतल्यामुळे. तो ताठ उभा राहिला तर वरचा मानेवर येतो. धाकट्यांची उड्डाणं जगानं पाहिली आणि त्यांना झेलणारा सिकोसिस त्याच तालमीतला होता. निकाल आधी ठरलेले असतात म्हणून आमच्याकडे काही जण या पैलवानांना हसतात. त्यांनी एकदा झेलणाऱ्याच्या पायांकडे नीट पाहावं.

हे सगळं मी कॉपीत लिहिलं. शीर्षकावर मात्र अडलं. माझं शीर्षक होतं, ‘टिहुआनाचे वस्ताद, सिनियर रे मिस्टेरिओ यांचं निधन’. वृत्तसंपादकांचं म्हणणं असं की महाराष्ट्रातल्या हजारो मुलांना रे मिस्टेरिओ म्हणजे धाकटेच माहीत आहेत, चुकीचे मेसेज आधीच फिरायला लागले आहेत, तर आपलं पहिलं काम ती अफवा थांबवणं. त्यांनी शीर्षक केलं, ‘डब्ल्यूडब्ल्यूईचे रे मिस्टेरिओ सुखरूप, निधन सिनियर रे मिस्टेरिओ यांचं’. पुशही तसाच गेला. लॉक स्क्रीनवर कापला गेला तरी उरलेला भाग खरा होता, हे त्यांचं बरोबर होतं, आणि त्या शीर्षकानं अफवा थांबवायला मदत झाली हेही मी नाकारत नाही.

पण वाचकांच्या प्रतिक्रिया सुटकेच्या होत्या. ‘घाबरवलंत राव’, ‘आपला रे ठीक आहे’. बहुतेक जण वरचे दोन परिच्छेद वाचून गेले. तालीम, सिकोसिस, सेंट लुईस हे सगळं खाली होतं, तिथवर फार थोडे पोचले. ज्या माणसानं धाकट्यांना घडवलं आणि आपलं नाव दिलं, त्याच्या निधनाच्या बातमीत सुरुवातच ‘तो दुसरा जिवंत आहे’ अशी व्हावी, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. दुसऱ्या दिवशी थोरल्यांवर स्वतंत्र लेख करू द्या, असं मी सुचवलं. विषय शिळा झाला, असं उत्तर मिळालं. निधनाची बातमी चोवीस तासांत शिळी ठरवणारी ही पद्धत सर्चच्या तक्त्यावरून आलेली आहे. ती बातमीदारीची पद्धत नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या शैलीपुस्तिकेत त्यानंतर एक नोंद वाढली. मुखवटाधारी पैलवानाच्या निधनाच्या बातमीत कुटुंबानं किंवा कंपनीनं खरं नाव जाहीर केलं असेल तर पहिल्याच वाक्यात ते, जन्मवर्ष आणि गाव द्यायचं. सिनियर-ज्युनियर हे शब्द नावाच्या आधी लिहायचे, म्हणजे पुशमध्ये गळणार नाहीत. मुखवटा उतरवलेला फोटो वापरायचा नाही. तारीख घटनेच्या ठिकाणची द्यायची, कारण हिवाळ्यात टिहुआना आपल्या साडेतेरा तास मागे असतं आणि तिथली २० तारीख आपल्याकडे बहुतांशी २१ असते. शीर्षकाबद्दल मात्र त्या नोंदीत काही लिहिलेलं नाही. त्यावर वृत्तसंपादकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.