ताई, कूळ आणि मुंडकार

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर 12 ऑगस्ट 1973 रोजी गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची थोरली मुलगी शशिकला काकोडकर, म्हणजेच ताई, गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्री झाल्या. तेव्हा त्या 38 वर्षांच्या होत्या. त्यानंतर आजपर्यंत गोव्यात दुसरी महिला मुख्यमंत्री झालेली नाही. ताईंचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी ‘भाऊंची मुलगी म्हणून खुर्ची मिळाली’ यावरच अडते. खुर्ची तशीच मिळाली, यात वाद नाही. पण त्या खुर्चीवर बसून त्यांनी 1975-76 मध्ये जे दोन कायदे केले, ते भाऊंच्या पुण्याईवर होणारे नव्हते. माझ्या मते ताईंचे मोजमाप तिथे व्हायला हवे.

वडिलांकडून काय मिळाले ते आधी पाहू. भाऊ खाणमालक, पण त्यांचा मतदार कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि मजूर. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि त्याचे सिंह चिन्ह म्हणजे भाऊ, असे समीकरण गावोगावी होते. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली, विरोधात 1,72,191. पक्षाचा मूळ मुद्दाच हरला. तरी दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी भाऊंना पुन्हा निवडून दिले. 1970 मध्ये त्यांच्याच आमदारांनी बंड केले, त्यातूनही सरकार तरले आणि 1972 ला मगो 18 जागा घेऊन परत आला. त्याच निवडणुकीत ताई डिचोलीतून निवडून आल्या आणि राज्यमंत्री झाल्या. म्हणजे मुख्यमंत्री होण्याआधी मंत्रिमंडळाचा अनुभव जेमतेम वर्षभराचा. पक्षाची बांधणी समित्यांवर नव्हती, भाऊंच्या शब्दावर होती. असा शब्द वारशात मिळत नाही, आणि पुढे 1979 ला नेमके तेच नडले.

आता कायद्यांकडे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. पोर्तुगीज काळापासून भाटकाराच्या मर्जीवर त्याचे छप्पर. मर्जी फिरली की घर मोडून चालते व्हायचे. 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने ही हकालपट्टी थांबवली आणि मुंडकाराला घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायत हद्दीत 300 चौरस मीटर, शहरात 200 चौरस मीटर हे त्यातले लोकांना पाठ असलेले आकडे. आजही मुंडकाराच्या घराचे छप्पर बदलायचे असो की वीजजोडणी घ्यायची असो, वाद झाला की याच कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

दुसरा कायदा शेतीचा. कूळ कायदा 1964 मध्ये भाऊंनीच आणला होता. त्याने कुळाला संरक्षण दिले, खंडावर मर्यादा घातली, पण जमीन भाटकाराचीच राहिली. ताईंच्या सरकारने 1976 मध्ये त्याला पाचवी दुरुस्ती केली. तिचा गाभा एका वाक्याचा: 20 एप्रिल 1976 या ‘कृषक दिनी’ जो कूळ जमीन कसत होता, त्याने ती त्याच दिवशी भाटकाराकडून विकत घेतली असे मानले जाईल. भाटकाराची संमती लागत नाही, सौदा होत नाही, कायद्यानेच खरेदी होते. कसेल त्याची जमीन हे सूत्र महाराष्ट्रात मुंबई कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 पासून लागू झाले होते. गोव्यात ते यायला 19 वर्षे जास्त लागली, आणि ते आणले एका खाणमालकाच्या मुलीने.

‘विकत घेतली असे मानले जाईल’ आणि ‘कागद हातात आला’ या दोन गोष्टींमध्ये मात्र मोठी वाट आहे. मामलेदाराने गावात जाहीर नोटीस काढायची, कूळ आणि भाटकार दोघांना बोलवायचे, कुळाला जमीन घ्यायची आहे का ते विचारायचे. होकार आला की किंमत ठरवायची. कुळाने ती एकरकमी किंवा हप्त्याने भरायची आणि पूर्ण भरली की खरेदीचे प्रमाणपत्र. कूळ हजरच झाला नाही किंवा नको म्हणाला, तर ती खरेदी बारगळते. पुढे ती जमीन विकायची तर मामलेदाराची परवानगी हवी.

गाडी अडली ती इथे. भाटकार न्यायालयात गेले. गोव्याच्या न्यायिक आयुक्तांनी दुरुस्ती रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे 1990 मध्ये दुरुस्ती वैध ठरली. म्हणजे कायदा झाल्यापासून 14 वर्षे डोक्यावर टांगती तलवार. तोवर कित्येक मूळ कुळे वारली, मुले कामाधंद्याला बाहेर पडली, जमीन पडीक राहिली. किंमत ठरवून घेण्याचे काम घरोघरी अर्धवट राहिले. त्यामुळे आजही अनेक ठिकाणी एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात भाटकाराचे नाव आणि कुळाच्या रकान्यात आजोबांचे नाव असे दिसते. ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात आहे त्यांची बाजू बळकट, कारण नोंद खरी धरली जाते आणि ती खोटी ठरवण्याचा भार समोरच्यावर पडतो. ज्यांचे नावच नाही, त्यांना कलम 7 खाली आधी आपण कूळ आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी खंडाच्या पावत्या लागतात. भाटकार पावती देत नसे, ही गावोगावची जुनी तक्रार. 2014 मध्ये तेव्हाच्या सरकारने कुळांचे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेले आणि दाव्यांना तीन वर्षांची मुदत घातली, तेव्हा गोव्यात जो भडका उडाला त्याचे मूळ या अर्धवट कामात होते.

खाजनांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे हेतू चांगला असूनही घडी बसली नाही. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीखालची शेती. बांध खाऱ्या पाण्याला अडवतो आणि मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात, भरतीला आपोआप मिटतात. बांधाला एक भगदाड पडले की सगळ्या शेतांत खारे पाणी शिरते आणि ते मीठ धुऊन जायला पुढचे पावसाळे लागतात. पूर्वी ही राखण गावकरी संस्था आणि भाटकार करीत. कूळ मालक होणार म्हटल्यावर जबाबदारीही त्याच्याकडे आली. 1975 च्या नियमांनी खाजनातल्या कुळांच्या संघटना केल्या आणि बांधाची सामूहिक जबाबदारी त्यांच्यावर टाकली. कागदावर बरोबर. पण मानशीतल्या मासेमारीचा लिलाव (पावणी) होतो, त्यात पैसा असतो, आणि पावणी घेणाऱ्याला मासळीसाठी भरतीचे पाणी आत हवे असते. भाताला तेच पाणी मारक. संघटना लिलावाच्या उत्पन्नावर चालू लागल्या आणि जो भात पिकवतो त्याचे ऐकणारे कमी झाले. त्या नियमांत लिलावावर शेतकऱ्याचा वचक ठेवला असता, तर आज खारफुटीने भरलेली कितीतरी खाजने भाताखाली दिसली असती, असे मला ठाम वाटते.

1977 ला ताईंनी स्वतःच्या नेतृत्वाखाली निवडणूक लढवली. तोवर युनायटेड गोवन्स या विरोधी पक्षातले बहुतेक लोक काँग्रेसमध्ये गेले होते आणि मगोतले प्रतापसिंह राणेही. निकाल लागला: मगो 15, काँग्रेस 10, जनता 3, अपक्ष 2. सभागृह 30 चे, गोव्याचे 28 आणि दमण व दीवचा एकेक. यातून सभापती वगळा, कारण समसमान झाल्याशिवाय तो मत देत नाही. राहिले सत्ताधारी 14 आणि समोर 15. म्हणजे पहिल्या दिवसापासून अपक्षांना सांभाळल्याशिवाय अर्थसंकल्पातली एक मागणीसुद्धा मंजूर होणार नव्हती. अशा सभागृहात दोन-तीन आमदार नाराज झाले की संपले. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा, त्यामुळे फुटणाऱ्याला आमदारकी जाण्याची भीतीही नव्हती. एप्रिल 1979 मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनातच मगोचे आमदार फुटले, बहुमत गेले आणि 27 एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. भाऊंनी 1970 चे बंड पचवले होते. ताईंच्या हाती तेव्हाचे संख्याबळही नव्हते आणि आमदाराला नुसत्या नजरेने बसवणारा दराराही नव्हता.

जानेवारी 1980 ला मगो 7 वर आला. त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या, आणि हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महागडा, असे माझे मत. मगोचे नेते रमाकांत खलप यांनी मगो काँग्रेसमध्ये विलीन होऊ दिला नाही, सिंह त्यांच्याकडे राहिला. ताईंनी पुढे वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला आणि 1984 ला त्याची एकही जागा आली नाही. मतदार भाऊंना विसरला नव्हता, पण मतपत्रिकेवर तो सिंह शोधत होता. ताई मगोत परतल्या.

1990 मध्ये आघाडी सरकारात शिक्षणमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेशी जोडले: मराठी किंवा कोकणीतून शिकवाल तर अनुदान, इंग्रजीतून शिकवाल तर नाही. परिणाम लगेच दिसला. चर्चच्या डायोसेसन संस्थेच्या प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणीकडे वळल्या. मराठीवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्याच्या निर्णयाने कोकणी माध्यमाला हजारो मुले मिळाली, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने मान्य करायला हवी. 2011 ला सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देऊ केले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या निमंत्रक म्हणून पुन्हा मैदानात उतरल्या. त्या वेळी त्यांच्याकडे ना पद होते ना पक्षाचे बळ, आणि मंचावर मराठीवाद्यांच्या शेजारी कोकणीवादी बसले होते. 28 ऑक्टोबर 2016 रोजी त्या गेल्या, तेव्हाही अनुदानाचा तो वाद मिटलेला नव्हता.