छपराचा उतार आणि कमी पडलेली नऊ बंडले

खानापूर तालुक्यातील आमच्या घराची कौले दर उन्हाळ्यात माकडांनी फोडायची आणि आम्ही मिरगाआधी घर शाकारायचे, याला कंटाळून यंदा मी वासे-रिपा उतरवल्या आणि लोखंडी कैच्यांवर मरीन प्लाय ठोकून त्यावर अॅस्फाल्ट शिंगल्स बसवण्याचे ठरवले. काचतंतूंच्या जाळीला डांबर लावून वर खड्याची बारीक कच दाबलेले हे पत्रे माकडांच्या उड्यांनी फुटत नाहीत, एवढेच तेव्हा मला ठाऊक होते. कैच्या, प्लाय आणि त्यावरचा डांबरी कागद ही कामे पंधरा दिवसांत विनातक्रार उरकली.

घोडे अडले ते बेळगावच्या विक्रेत्याकडे. त्याच्या छापील अर्जात ‘छपराचे क्षेत्रफळ’ असा एकच रकाना होता. मी त्यात नकाशावरचा, वळचणीसह १२०० चौरस फुटांचा आकडा लिहिला आणि काउंटरवरच्या गृहस्थांनी उताराबद्दल अवाक्षर न काढता त्याखाली ‘१२ स्क्वेअर, ३६ बंडल’ लिहून शिक्का मारला. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट आणि त्याला साधारणपणे तीन बंडले लागतात, इथपर्यंत हिशेब बरोबरच होता. मात्र आमच्या छपराला १२ इंचांना ६ इंच उतार आहे, म्हणजे आडव्या १२ इंचांमागे ६ इंच चढ. असे तिरके छप्पर नकाशातल्या सपाट आकड्यापेक्षा मोठे भरते, म्हणून तो आकडा १.११८ ने गुणायला हवा होता. म्हणजे १३४२ चौरस फूट आणि कापण्यात वाया जाणारे दहा टक्के धरून १५ स्क्वेअर, अर्थात ४५ बंडले. शिंगल्स वळचणीकडून आढ्याकडे लावत जातात, त्यामुळे माल संपला तेव्हा परड्याकडचा आढ्याखालचा पट्टा उघडाच राहिला.

उरलेल्या नऊ बंडलांसाठी मी ओळीने पाच सोमवार त्या दुकानाची पायरी झिजवली. “साहेब, एवढ्याशा मालासाठी गाडी कशी काढणार? दुसरी ऑर्डर येऊ दे, तीत घालून पाठवतो,” हे उत्तर मला पाठ झाले. अर्जात उताराचा रकाना का नाही, असे विचारल्यावर “तुम्हीच सांगायला हवे होते,” असे ऐकावे लागले, तो संताप अजून उतरलेला नाही. घरी वळवाच्या वाऱ्याने ताडपत्री दोनदा उडाली.

माल आला तो जूनमध्ये. शिंगलच्या पोटाशी डांबराची चिकट पट्टी असते आणि ती उन्हाच्या तापानेच खालच्या थराला धरते. आभाळ भरलेले असल्याने मेस्त्रींनी प्रत्येक शिंगलखाली रुपयाएवढे डांबरी लुकणाचे ठिपके हाताने लावले. वाऱ्याची जागा म्हणून चारऐवजी सहा खिळे मारून घेतले. खिळ्याचे डोके शिंगलमध्ये रुतता कामा नये. हे आधीच सांगायला हवे होते, पण प्लायच्या दोन तुकड्यांत तीन मिलिमीटर फट ठेवावी, नाहीतर ओलीने फुगून प्लाय वर उचलतो. १२ इंचांना २ इंचांपेक्षा कमी उतार असेल, तर शिंगल्सच्या फंदात पडू नये.

बंडलांवरचे लॉट क्रमांक, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला ते सांगणारे आकडे, मात्र मी त्या गडबडीत ताडून पाहिले नाहीत; खेप बदलली की रंगछटाही थोडी बदलू शकते. छप्पर गळत नाही, परंतु परड्यातून वर पाहिले की आढ्याखालचा तो पट्टा बाकीच्यापेक्षा फिकट दिसतो.