नायट्रसला सांगलीचा उन्हाळा सोसत नाही

आमच्या रॉकेट इंजिनाचं इंधन ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही. चहूबाजूंनी साखर कारखाने, म्हणजे अल्कोहोल. जर्मनांचं व्ही-२ रॉकेटसुद्धा अल्कोहोलवरच उडायचं. परवान्याचे कागद मात्र दोन महिने फिरले, आणि तोवर घरी "दारू गाळताय का रे?" हे रोज ऐकलं.

ऑक्सिडायझरचं, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या पदार्थाचं, कोडं अवघड होतं. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. तो हाताळायची आमची टाप नव्हती. म्हणून नायट्रस ऑक्साइड. २० अंशांना तो स्वतःच साधारण ५० बार दाब देतो, त्यामुळे पंप लागत नाही. इथंच फसलो. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, कितीही दाबा. आणि आमची एप्रिलची दुपार चाळिशीला टेकलेली! पुस्तकात हा आकडा सगळ्यांनी वाचला होता. पत्र्याच्या शेडखाली घाम पुसताना तो कळला. चाचणी थेट जानेवारीतल्या पहाटेवर गेली.

मधले महिने इंजेक्टरनं, म्हणजे इंधन आणि नायट्रस इंजिनात फवारणाऱ्या भागानं, खाल्ले. पितळेच्या चकतीत १ मिमीची २४ तिरकी भोकं. आठ ठिकाणी नायट्रसच्या दोन धारा आणि अल्कोहोलची एक, अशा तिन्ही एका बिंदूवर आपटायला हव्यात. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी ती पाडून दिली; किती ड्रिल मोडले विचारू नका. पाणी सोडलं तर सात ठिकाणी झकास फवारा, आठव्या ठिकाणी एक धार भलतीकडंच. आम्ही लॅपटॉपवर कोन तपासत बसलो. काकांनी चकती उलटी करून नख फिरवलं.

"बर राहिलीय रं हितं."

बर म्हणजे भोकाच्या काठाला राहिलेली धातूची बारीक कड. ती काढली, पाच मिनिटांत धार सरळ. मग त्यांनी सवयीनं चकती तेलाच्या फडक्यानं पुसली आणि मी किंचाळलोच. नायट्रसच्या वाटेत तेल राहिलं तर स्फोट होऊ शकतो. पण चाळीस वर्षांत काकांना पुसण्यावरून कुणी बोललं नव्हतं. रुसवा चहा-भडंगावर निघाला. सगळे भाग आम्ही पुन्हा ॲसिटोननं धुतले.

चाचणी एका बंद खडीच्या खाणीत, लेखी परवानगी घेऊन. इंजिन चौकटीला जखडलेलं, आम्ही लांब वाळूच्या पोत्यांआड. तीन सेकंदांचा जाळ, आणि कानात बराच वेळ नुसती शिट्टी. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या लोड सेलवर आकडा होता ५२ किलो.

"म्हंजे साखरेचं एक पोतं," काका म्हणाले, आणि चकती बघायला आमच्या आधी निघाले. अजून गरम होती, थांबवावं लागलं.