१८ इंची रिम काढून १५ इंची बसवली, मग ब्रेकचं काय?

गाडीच्या टायरची उंची ३३ इंचच ठेवली, फक्त रिम १८ वरून १५ वर आणली आणि टायर त्या रिमच्या मापाचे घेतले. साधं गणित आहे, साइडवॉल (रिमच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतची रबराची बाजू) साडेसातची थेट नऊ इंच होते, म्हणजे हवा कमी केली की टायर दगडावर मस्त पसरतो आणि रिमला ठोकर पण कमी बसते. टायरची उंची तीच, त्यामुळे स्पीडोमीटरची कटकट नाही.

खरी डोकेदुखी कॅलिपरची, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची. १५ च्या रिममध्ये मोठा कॅलिपर मावतच नाही, आतून घासतो, म्हणून रोटर (ब्रेकची डिस्क) पण लहान घ्यावा लागतो आणि रोटर लहान झाला की तेवढाच पेडल दाबून ब्रेक कमी लागतो, वर टायर जड, उतारावर लगेच जाणवतं बघा. पिस्टन मोठे असलेला कॅलिपर घेतला तर जोर भरून निघतो पण मग पेडल जास्त खाली जातं, तेव्हा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) पण जुळवून घ्या. लहान रोटर तापतो पण लवकर, त्यामुळे लांब उतार असेल तर लो रेंज (फोर बाय फोरचा हळू चालीचा गिअर) टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

आणि हो, रिम विकत घ्यायच्या आधी नुसती चढवून हाताने फिरवून बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून.