‘जखम आढळली नाही’

तपासणीच्या अहवालात हे तीन शब्द लिहिताना माझा हात अजूनही थबकतो. पुढे ते कोण कसे वाचेल, ही धास्ती. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या अनेक जणींच्या जननेंद्रियांवर काहीच दिसत नाही. भीतीने अंग गोठतं, प्रतिकार होतच नाही; शिवाय तिथल्या बारीक जखमा काही दिवसांत भरून येतात. अंघोळ झाली, कपडे धुतले, की स्वॅबमध्ये काही सापडण्याची शक्यताही घटते. (आणि ती दोन बोटांची चाचणी, योनीत बोटं घालून बाई ‘शरीरसंबंधांना सरावलेली’ आहे का, हे ठरवू पाहणारी! तिला शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी कुणीतरी विचारतंच.) म्हणून मी खाली आणखी एक ओळ लिहिते: यावरून अत्याचार झाला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.