डाग

रविवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी गुडघे टेकून डेकला, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याला, स्टेन लावत होतो. एका हातात चार इंची ब्रश, दुसऱ्यात चिंधी. फोन पायरीवर, स्पीकरवर.

"काय चाललंय?"

"डेकला स्टेन लावतोय."

"म्हणजे काय?"

लाकडात मुरणाऱ्या या रंगाला मराठी शब्द शोधला आणि जो हाताला लागला तो बोलून गेलो. "डाग."

"अरे, लोक डाग काढतात. तू लावतोस?"

तिचंही बरोबर आहे. पण तिच्याच तोंडून मी या शब्दाचे किती अर्थ ऐकलेत! मावशीच्या लग्नात घातले ते चार डाग सोन्याचे. मे महिन्यात गावी जाताना एसटीच्या टपावर चढवायचे तेही डागच. उतरताना ती बोटांवर मोजायची, आणि एक कमी भरला की तो हमखास आंब्याच्या रिकाम्या करंडीचा असायचा. कल्हईवाला गळक्या घागरीला लावायचा तोही डाग. तेव्हा माझ्या लाकडाच्या डागाला या पंगतीत पाट मिळायला हरकत नव्हती. पण हे तिला समजावत बसलो असतो तर फळी अर्धी राहिली असती. स्टेनचं एक आहे, फळी धरली की टोकापर्यंत न्यायची. मध्ये थांबलात तर तिथे जोड दिसतो, आणि पुढची दोन वर्षं चहा पिताना नजर नेमकी तिथेच जाते.

आमचं घर नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात. डेक पाइनचा, घराबरोबर १९९९ साली बांधलेला. कुंपण मात्र गेल्या वर्षीचं, त्याला अजून हात लावलेला नाही. नवं पाइन कारखान्यातून औषध पिऊन येतं. बंद टाकीत आधी लाकडातली हवा ओढून घेतात आणि मग दाबाने तांब्याचं पाणी आत भरतात. म्हणून ते हिरवट दिसतं आणि ओलं असतं. शेजारी म्हणाला, थेंब टाकून बघ. थेंब मुरला तर लाव, तसाच टपोरा बसून राहिला तर थांब. तेव्हापासून रोज सकाळी मी कुंपणावर पाणी शिंपडतो. बायको म्हणते, तुळशीलाही कधी एवढ्या नेमाने घातलं नाहीस.

रंगाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. दुकानात डब्यांवर नावं काय, तर सीडर, रेडवुड, महोगनी, सागवानसुद्धा. बिचाऱ्या पाइनला पाइनच दाखवणारा डबा मला अजून कुणी हौसेने दिलेला नाही. त्यातून आमच्या वसाहतीच्या समितीने तीनच छटा मंजूर केलेल्या. तिन्ही माझ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण अर्ज वेगवेगळे करावे लागतात.

संगमेश्वरकडच्या आमच्या घरात झोपाळ्याची फळी फणसाची होती. फणसाचं लाकूड कापल्यावर हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षांगणिक तांबूस होत जातं. आमच्या फळीची उजवी कड मात्र जवळजवळ काळी होती. तिथे आजोबा बसायचे. त्यांचं धोतर, डोक्याचं खोबरेल, कातरलेल्या सुपारीचा चुरा, सगळं त्या कडेत मुरलेलं. मी दुपारी त्या जागी गाल टेकून पडायचो. गार लागायचं, आणि किंचित तेलकट. वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लागायचं, पण तेव्हा आम्हा मुलांना जवळ येऊ देत नसत. बिब्ब्यासारखं उततं ते. एकदा मी बोट लावलंच होतं. आठवडाभर आईने भरवलं.

तर डेक. ब्रश धरण्याआधी मी पॉलिश पेपर मारायचं ठरवलं होतं. शेजाऱ्याने विचारलं, घर कधीचं? म्हटलं, ९९चं. तो म्हणाला, मग घासू नकोस, आत आर्सेनिक आहे.

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. रात्री बसून वाचलं. २००३ संपेपर्यंत इथल्या घरगुती लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण सर्रास भरत. तांबं बुरशीसाठी, आर्सेनिक वाळवीसाठी आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात धरून ठेवायला. आणि ही कृती कुणाची, तर आपल्याच देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशम यांची, १९३३ सालची. मला उगीच अभिमान वाटला, आणि लगेच पोटात गोळा आला.

कारण २००३च्या मे महिन्यात आई इथे आली होती. इथलं ऊन बघून तिला राहवलं नाही. दोन आठवड्यांत तिने याच डेकवर सांडगे, कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. तो त्या वाळवणाभोवती रांगायचा, मध्येच फळीवर तळहात आपटायचा आणि तोच तोंडात घालायचा.

फोनवर मी तिला हे सांगितलं. जरा घाबरतच.

"खाली काय घातलं होतंस गं?"

"माझी जुनी पातळं. आणि त्याखाली तुमचं ते प्लॅस्टिक." मग थोडं थांबून, "तो कसाय?"

"बरा आहे. सहा फूट झालाय. बॉस्टनला आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली. "ते डागाचं काय ते पुरं कर. अंधार पडेल."

तेलाचा स्टेन वेळोवेळी लावत गेलं तर आतलं विष बाहेर येणं कमी होऊ शकतं, असंही त्या रात्री वाचलं होतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. हे तिला सांगायचं राहिलं.

पाचच्या सुमारास शेवटची फळी झाली. राहिल्या तेलकट चिंध्या. त्यांचा बोळा करून टाकायचा नसतो, आतल्या आत तापून पेट घेतात. एकेक सुटी पसरून वाळवावी लागते. हिरवळीवर ओळीत पसरल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवले आणि खुर्ची ओढून समोर बसलो. अकरा होत्या.

थोड्या वेळाने कुंपणावर एक कावळा येऊन बसला. इकडचे कावळे आपल्यापेक्षा काळेभोर. त्याने मान वाकडी करून चिंध्यांकडे बघितलं.

मी काठी शोधायला उठलो.